मदत हवी आहे: हलक्या ओपन गाडीला रोल बार कुठला बसवावा?

धागाकर्ता

राम राम मंडळी. रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवायला सीटच्या मागं उभी करतात ती पाइपची कमान, त्याबद्दल विचारायचंय. जरा लांबलचक लिहितोय, पण सगळी माहिती एकदाच दिलेली बरी.

मी आणि माझ्या थोरल्या भावानं मिळून चार वर्षं खपून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये एक ओपन टू-सीटर बांधलीय, जुन्या लोटस सेव्हनच्या धर्तीवर. चॅसिस २५ मिमी चौकोनी पाइपची, १६ गेज (साधारण १.६ मिमी जाडीची), इंजिन आणि गिअरबॉक्स जिप्सीचं १३०० सोळा व्हॉल्व्हवालं, अंगावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. छप्पर नाही, दारं नाहीत, पुढं काचसुद्धा नाही. शिरोलीच्या काट्यावर अर्ध्या टाकी पेट्रोलसकट ५६० किलो भरली. रस्त्यावर काढायचीच नाही, टेम्पोत घालून फक्त ट्रॅकवर न्यायची.

मागच्या महिन्यात पहिल्यांदा तमिळनाडूत ट्रॅक डेला नेली, जवळपास हजार किलोमीटर. आमचा नंबर यायच्या आधी एक ओपन गाडी वळणावर फिरली, बाजूची चाकं मातीत रुतली आणि गाडी दोन चाकांवर उभी राहिली. दोन सेकंद असतील. मग धाडकन चारी चाकांवर बसली. ड्रायव्हरला काही झालं नाही, पण मी मागं वळून आमच्या गाडीकडं बघितलं. सीटच्या मागं दिसायला बरा म्हणून लावलेला स्टेनलेसचा बार आहे, तो हातानं धरून हलवला तर हलतोय. त्या दिवशी गाडी ट्रॅकवर उतरवलीच नाही, तशीच टेम्पोत चढवून परत आणली. घरी आईला कारण सांगितलं नाही.

आता नवीन बार करायचाय. दोन पर्याय डोक्यात आहेत. एक म्हणजे फक्त ड्रायव्हरच्या मागं एकटा छोटा हूप, म्हणजे उलट्या यू आकाराची पाइप. दुसरा पूर्ण रुंदीचा हूप, मागं दोन तिरके सपोर्ट आणि मधे डायगोनल, म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरकी पाइप. भाऊ म्हणतो एवढी हलकी गाडी केली आणि आता वर वजन चढवायचं का, एकटा हूप बास. फॅब्रिकेटर म्हणतो जीआय पाइप वापरा, स्वस्तात होईल. मला दोन्ही पटेना. कुठला करू, पाइप कुठली घेऊ, आणि एवढ्या पातळ चॅसिसवर ते पाय टेकवायचे कुठं?

पंचगंगाकाठ

भावा पाइप नंतर. तुझी उंची किती, आणि हेल्मेट घालून बसल्यावर डोकं कुठं येतंय ते पहिलं सांग.

धागाकर्ता

६ फूट १ इंच. आरशात बघितलं तर आत्ताचा बार हेल्मेटपेक्षा वर दिसतो, दीडेक सेंटिमीटर. म्हणजे उंचीचा प्रश्न नसावा.

पंचगंगाकाठ

तिथंच फसगत होते बघ. गाडी उलटी झाली की ती नुसत्या बारवर टेकत नाही, बारचं टोक आणि पुढचा डॅशवरचा भाग अशा दोन ठिकाणी टेकते. तुझी काच नाही म्हणजे पुढचा टेकू लई खाली आला. एक लांब सरळ पट्टी घे, बारच्या डोक्यावरून पुढं डॅशच्या वर ठेव, तू हेल्मेट घालून पट्टा आवळून बस आणि भावाला बघायला सांग. हेल्मेट त्या पट्टीच्या खाली पाहिजे, वर आलं तर बार असून नसल्यासारखा. आणि पुढं नुसता पत्रा असेल तर तो धरू नको, पत्र्याखालची पाइप जिथं आहे तिथं पट्टी टेकव.

बाहा टीमचा जुना मेंबर

जीआय पाइप अजिबात नको. ती पाण्याची पाइप, शिवण असलेली, वरनं जस्ताचा मुलामा, वेल्डिंग करताना धूर होतो तो वेगळाच. कॉलेजला असताना बाहाच्या (इंजिनिअरिंग कॉलेजांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेच्या) गाडीला आम्हाला २५ मिमी बाहेरचा व्यास, ३ मिमी जाडी आणि किमान ०.१८ टक्के कार्बन असा नियम होता, पण तो तसल्या गाडीसाठी, अख्खा पिंजरा असतो तिथं. तुझा नुसता हूप आहे तर एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संस्थेच्या अपेंडिक्स जे या नियमावलीतली मापं धर. मेन हूपला कोल्ड ड्रॉन सीमलेस (बिनशिवणीची) कार्बन स्टील, ४५ × २.५ मिमी किंवा ५० × २ मिमी. मागच्या सपोर्टना ३८ × २.५ किंवा ४० × २ चालते. ताण सोसायची ताकद किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी.

आणि आपण कोल्हापुरात आहोत याचा फायदा घे. दुकानदार सीमलेस म्हणतोय म्हणून विश्वास ठेवू नको, पाइपचा बोटभर तुकडा कापून ओळखीच्या फाउंड्रीत स्पेक्ट्रोला लाव, कार्बन किती, मँगेनीज किती सगळं कागदावर येतं.

वजनाचं म्हणशील तर ४५ × २.५ ची पाइप मीटरला साधारण २.६ किलो. पूर्ण रुंदीचा हूप, सपोर्ट, डायगोनल धरून पंधराएक किलो होतील, एकटा हूप केलास तरी आठ-नऊ किलो लागतातच. म्हणजे वाचले सहा-सात किलो. आठ-नऊ लिटर पेट्रोलचं वजन तेवढं असतं. आणि एकटा अरुंद हूप बाजूनं मार बसला की आडवा पडायला बघतो, त्याला आडवा आधार कुठनं देणार? शेजारी बसणाऱ्याचं डोकं तर उघडंच राहतंय. माझं मत पूर्ण रुंदी, डायगोनलसकट.

लेथवाले आप्पा

पोरा, पाइप चांगली आणून वाकवताना वाट लावू नको म्हंजे झालं. प्लंबरच्या बेंडरवर नेशील तर आतल्या बाजूला चुणी पडणार, आन् मोडायची ती तिथंच. मँड्रेलवर, म्हंजे पाइपच्या आत आधार घालून वाकवत्यात तसल्या मशीनवर वाकवून घे. वाकाचा रेडियस पाइपच्या व्यासाच्या तिप्पट तरी पायजे, म्हंजे ४५ च्या पाइपला १३५ मिमी. वाकवल्यावर व्हर्नियर लाव, पाइप चपटली असंल तर लहान माप भागिले मोठं माप ०.९ च्या खाली येता कामा नये. हूप एका अखंड पाइपचा, मधे जोड नाय.

पाय कुठं टेकवायचं म्हणतोस तर चॅसिसच्या वरच्या पाइपवर नुसता उभा करशील तर १६ गेजची पाइप पत्र्यागत दबंल. पाय खालच्या पाइपपतोर न्यायचं आन् वरच्या पाइपला जाता जाता बांधायचं, दोन्हीकडं गसेट, म्हंजे कोपऱ्यात तिकोनी पत्रा. मागचं सपोर्ट उभ्या रेषेपासून निदान ३० अंश तिरकं पायजेत. सीओटू नायतर टिग वेल्डिंग, पूर्ण गोल फिरून. आन् वेल्डिंग ग्राइंडरनं घासून गुळगुळीत करायचा नाद नको, ताकद त्या माळेतच असती.

राजारामपुरी_७०

माझ्या ओपन जीपला पण असाच करून घ्यावा म्हणतो, रोजच्या वापरातली आहे. चालेल का?

बाहा टीमचा जुना मेंबर

दादा तुम्ही नका करू. रोजच्या वापरात डोक्यावर हेल्मेट नसतं, साध्या धक्क्यात डोकं मागच्या लोखंडावर आपटतं. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलंय.

धागाकर्ता

पट्टी लावून बघितली, काल रात्री. भावानं खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनचा एक लांब तुकडा आणला, मी हेल्मेट घालून पट्टा आवळून बसलो. पट्टी बारवर ठेवून पुढं डॅशकडं आणली तर ती हेल्मेटवरच अडकली, खाली जाईचना. बाजूला सरकवून, बार ते डॅश दोरी ताणून मोजलं तर हेल्मेट रेषेच्या ९ सेंटिमीटर वर. भाऊ काहीच बोलला नाही. टेप गुंडाळून खिशात घातली आणि म्हणाला पूर्ण रुंदीचाच कर, मी पाइप आणतो.

सीटखालचे सरकते रेल काढून सीट डायरेक्ट बोल्ट केली तर ४ सेमी खाली जाते. वर हूप ९ सेमी उंच केला तर हेल्मेट रेषेच्या २ सेमी खाली येतं. एवढं बास का?

पंचगंगाकाठ

२ नको, ५ कर. उलटं लटकल्यावर पट्टा ताणतो, सीटचा फोम सुटतो आणि माणूस वर सरकतो. तुझ्या मापानं हूप १३ सेमी उंच केलास की ५ मिळतात. दोन्ही पायांना चार-चार सेमी जादा पाइप, २०० ग्रॅम वजन. आणि खांद्याच्या पट्ट्यासाठी आडवी पाइप हूपमध्येच टाकून घे, खांद्याच्या लेव्हलला नायतर किंचित खाली. लई खाली बांधलास तर धडक बसली की पट्टा खांदे खाली दाबतो, सगळा भार मणक्यावर. हेल्मेट लागू शकेल तिथं कडक रेसिंग पॅडिंग लाव, घरातला मऊ फोम नको.

लेथवाले आप्पा

वाकवायच्या आधी जाड पुठ्ठ्याचा हूप कापून गाडीत उभा करून बघ. पाइप एकदा वाकली की सरळ करता येत नाय.

धागाकर्ता

पुठ्ठा कापला, फ्रिजच्या खोक्याचा. मी बसलो, भाऊ शेजारी बसला, दोघांची हेल्मेटं दोरीच्या खाली. पाइपचा तुकडा शिरोलीत स्पेक्ट्रोला दिलाय, रिपोर्ट आला की इथंच टाकतो. आप्पा, खालच्या पाइपला गसेट ३ मिमी पत्र्याचं चालेल का ४ घेऊ? फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.