रमजाननंतर वर्षभर टिकेल असा इबादतीचा (उपासनेचा) संकल्प कसा आखावा?

प्रश्न: मार्केट यार्डातला दिवाणजी, सांगली

अस्सलामु अलैकुम. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी म्हणून काम करतो. रमजानमध्ये पाचही नमाज जमातीने होतात, तरावीहमध्ये (रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजमध्ये) संपूर्ण कुरआन कानावर पडते, सदका (ऐच्छिक दान) देताना हात आखडत नाही आणि ईदनंतर शव्वाल या पुढच्या महिन्याचे सहा रोजे संपेपर्यंत हा जोर बऱ्यापैकी टिकतो. पुढे मात्र सौद्यांची गडबड सुरू झाली की जोहरची (दुपारची) नमाज लांबत जाते, फजरला (पहाटेच्या नमाजला) डोळा उघडत नाही आणि कुरआन गिलाफात गुंडाळून कपाटावर जाते. माझ्या ओळखीतल्या अनेकांचे असेच होते.

यंदा मनाशी काही ध्येये लिहून ठेवावीत असे ठरवले आहे. यादीत तहज्जुद (रात्री उठून पढायची नमाज), रोज एक पारा (कुरआनच्या तीस भागांपैकी एक), सोमवार-गुरुवारचे रोजे, अर्थ कळण्यापुरती अरबी, शाळा-कॉलेजच्या काळात सुटलेल्या नमाजांची कजा (भरपाई) आणि दरमहा ठरावीक सदका एवढे सगळे आले आहे. यातले आधी काय धरावे आणि मागे काय ठेवावे, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा की, इबादतीचा हिशेब वहीत मांडणे योग्य आहे का, की त्यातून स्वतःवरच खूश होण्याची सवय लागते? माझी परिस्थिती सांगायची तर वडील दोन वर्षांपूर्वी वारले, दोन्ही बहिणींची लग्ने झालेली आहेत, आई माझ्याजवळ असते आणि नोकरीबरोबर दोन एकर ऊसही मलाच पाहावा लागतो.

उत्तर: निवृत्त शिक्षक, कराड

वालैकुम अस्सलाम. आपली यादी चांगली आहे, पण तिच्यात फर्ज (अनिवार्य) आणि नफ्ल (ऐच्छिक) एकाच ओळीत बसवले गेले आहेत, म्हणून ती जड वाटते. तहज्जुद हे नफ्ल आहे आणि फजर फर्ज आहे. तहज्जुदसाठी पहाटे तीनला उठून नंतर झोपेत फजर घालवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांची कळकळ खरी असली तरी हा सौदा तोट्याचा आहे. म्हणून पहिले सहा महिने पाच वेळच्या नमाज वेळेवर पढणे एवढेच ध्येय ठेवावे, असे माझे मत आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्याकडून आलेली एक प्रसिद्ध हदीस (पैगंबरांच्या वचनाची नोंद) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, ज्यात अल्लाहला सर्वांत प्रिय अमल (कृती) तो, जो थोडा असला तरी नित्य केला जातो, असे पैगंबरांनी (स.) सांगितले आहे.

फजरची सवय हिवाळ्यात लावून घ्या. जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय सातच्या सुमारास होतो आणि जूनमध्ये तो सहाच्या आसपास येतो, त्यामुळे थंडीत उठणे जिवावर येत असले तरी घड्याळ आपल्या बाजूने असते. इशानंतर (रात्रीच्या नमाजनंतर) मोबाइल घेऊन बसणे बंद केल्याशिवाय मात्र कोणताही गजर उपयोगाचा नाही.

कजा नमाजांबाबत हनफी पंथाच्या आलिमांचा (धर्मपंडितांचा) सर्वसाधारण सल्ला असा आहे की, बालिग झाल्यापासून (वयात आल्यापासून) किती काळाच्या नमाज राहिल्या असाव्यात याचा प्रामाणिक अंदाज करावा आणि त्या फेडत राहावे. दिवसाच्या फर्ज रकाती (नमाजची आवर्तने) सतरा आणि इशानंतरच्या वित्र नमाजच्या तीन, मिळून वीस होतात. प्रत्येक वक्ताच्या फर्जबरोबर त्याच वक्ताची एक कजा पढली तर रोज एका दिवसाची फेड होते आणि वेगळा वेळ काढावा लागत नाही. ज्या वर्षांची कजा असेल तितकीच वर्षे लागतील, हे ऐकून घाबरू नका. फेड सुरू असणे महत्त्वाचे.

रोज एक पारा हे ज्याचे वाचन सफाईदार आहे त्याच्यासाठी ठीक आहे. अडखळत वाचणाऱ्याला एका पाऱ्याला तास-दीड तास लागतो आणि आठवडाभरात तो थकतो. आपल्याकडे छापल्या जाणाऱ्या प्रतींमध्ये प्रत्येक पाऱ्याच्या पाव, अर्ध्या आणि पाऊण भागाची खूण समासात दिलेली असते. रोज पाव पारा वाचला तरी १२० दिवसांत तीसही पारे होतात, म्हणजे ३५४ दिवसांच्या चांद्रवर्षात जवळजवळ तीन वेळा कुरआन पूर्ण होते. त्यातही दिवसाला दोन-चार आयतींचा (वचनांचा) मराठी अर्थ वाचावा, कारण आपण ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत अर्थ उतरल्याशिवाय वाचन आचरणापर्यंत पोहोचत नाही. अरबी शिकायचीच असेल तर शेवटच्या पाऱ्यापासून सुरुवात करा. त्यात ३७ सूरा (अध्याय) आहेत, बहुतेक लहान आहेत आणि नमाजमध्ये आपण ज्या पढतो त्यांतल्या पुष्कळशा तिथल्याच असतात.

उत्तर: एक गृहिणी, मिरज

भाईजान, वहीच्या प्रश्नावर मला लिहायचे आहे. मी मोहल्ल्यातल्या मुलींना कुरआन शिकवते. इथे मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी (तारेचा गुंजणारा सूर येण्यासाठी घोडी घासणे) लावताना आपण पाहिले असेल: कारागीर कानस किंचित फिरवतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा कानस फिरवतो. कानस किती वेळा फिरली याचा हिशेब तो ठेवत नाही, त्याचे सगळे लक्ष आवाजाकडे असते. इबादतीची वही याच कामापुरती असावी. किती रकाती, किती तस्बीह (जप) यांचे आकडे भरत गेलो तर वही सुरेख दिसते, पण जिभेचा कडवटपणा कमी झाला का, नमाजनंतर मुलांवर ओरडणे थांबले का, याची नोंद तिच्यात होत नाही. रोज झोपण्यापूर्वी आज कोणाचे मन दुखावले, एवढी एकच ओळ लिहिली तरी तो मुहासबा (आत्मपरीक्षण) होतो. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या नावाने सांगितले जाते की, तुमचा हिशेब घेतला जाण्याआधी तुम्ही स्वतःचा हिशेब घ्या. ती वही कोणाला दाखवू नये आणि तिचा फोटो ग्रुपवर टाकू नये; मग रिया (दिखावा) शिरायला फारशी जागा राहत नाही.

आणखी एक गोष्ट, कारण अशा चर्चा बहुधा पुरुषांच्याच वेळापत्रकावर चालतात. सलग चाळीस दिवस अमुक करा, असे संकल्प बायकांना मुळात लागूच पडत नाहीत. मासिक दिवसांत नमाज माफ आहे आणि तिची कजाही नाही. रोज्यांची मात्र नंतर भरपाई करावी लागते. म्हणून आमच्या घरातल्या बायकांसाठी रमजाननंतरचे पहिले ध्येय सुटलेले रोजे पूर्ण करणे हेच असते आणि ते शव्वालच्या सहा रोज्यांच्या गडबडीत विसरले जाते. त्या दिवसांत जिक्र (अल्लाहचे स्मरण), दरूद (पैगंबरांसाठीची प्रार्थना), दुआ आणि अर्थाचे वाचन चालू ठेवता येते.

आपण घरच्यांचा हक्कही ध्येयांत धरावा, ही विनंती. पैगंबरांचे सहकारी हजरत सलमान फारसी आपले दोस्त अबू दरदा यांच्या घरी गेले, तेव्हा अबू दरदा दिवसा रोजे आणि रात्रभर नमाज यांत इतके बुडालेले होते की त्यांच्या पत्नीने नीटनेटके राहणेही सोडून दिले होते. सलमान यांनी त्यांना रोजा सोडायला लावला, रात्री झोपायला लावले आणि रबचा, स्वतःच्या शरीराचा आणि घरच्यांचा, ज्याचा त्याचा हक्क ज्याला त्याला दे, असे सांगितले. पैगंबरांना (स.) हे कळले तेव्हा ते म्हणाले की, सलमान खरे बोलला. सोमवारी रोजा धरून संध्याकाळी घरात चिडचिड होत असेल, तर महिन्यातले चंद्राच्या तेरा, चौदा आणि पंधरा तारखेचे तीन रोजे पुष्कळ झाले.

उत्तर: वकील, सातारा

वरची दोन्ही उत्तरे चांगली आहेत, तरी मूळ यादीत एक मोठी पोकळी राहिली आहे. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बंदा आणि अल्लाह यांच्यामधली आहे. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे आपल्याकडे राहिलेले देणे, तिच्यात कोठेच नाही. ज्याचा हक्क गेला त्याने सोडल्याशिवाय तो सुटत नाही, असे सर्वच आलिम सांगतात.

आपण तराजूशेजारी बसून काम करता. मापात मारणाऱ्यांवर कुरआनात सूरा मुतफ्फिफीन ही स्वतंत्र सूरा आहे. काटा इलेक्ट्रॉनिक असला तरी कडती (वजनातली कपात), हमाली, तोलाई आणि पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब) लिहिण्याची तारीख माणसाच्याच हातात असते. शेतकऱ्याची पट्टी त्याच दिवशी अचूक करून देणे हे दिवाणजीसाठी कोणत्याही तस्बीहइतके मोठे ध्येय आहे. जकातीचेही (अनिवार्य दानाचेही) तसेच. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी मालमत्ता हाती आल्यापासून चांद्रवर्ष पूर्ण झाले की अडीच टक्के देणे लागते. त्यासाठी आपली स्वतःची हिजरी तारीख ठरवून ठेवा आणि दरमहाचा सदका तिच्यात मिसळू नका.

आता थोडे स्पष्ट बोलतो. वडील वारून दोन वर्षे झाली, दोन बहिणी आहेत, आई आहेत आणि ऊस आपण पाहता, असे आपण लिहिले आहे. त्या दोन एकरांवर वारसांची नोंद झाली आहे का?

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. फजर, पाव पारा आणि रात्रीची एक ओळ, असे तूर्त धरले आहे. तहज्जुद आणि सोमवार-गुरुवार पुढच्या वर्षावर ठेवले. पट्टीचे माझ्या हातात आहे, ते उद्यापासूनच करता येईल.

वकीलसाहेब, सातबारा अजून वडिलांच्याच नावावर आहे. बहिणी म्हणतात, आम्हांला काही नको, तुम्हीच करून घ्या, आणि गावातले जाणते लोक हक्कसोड पत्र करून मोकळे व्हा असे सांगतात. आजी-आजोबा पूर्वीच गेले आहेत. अशा वेळी नेमके काय करावे?

उत्तर: वकील, सातारा

आधी वाटे मांडा, मग नको कोण म्हणते ते पाहा. सूरा निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतींप्रमाणे दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत (मृत्युपत्र) असल्यास एक तृतीयांशाच्या मर्यादेत ती वजा करून जे उरेल, त्याचे आपल्या घरात ३२ भाग होतील: आईंचे ४, आपले १४ आणि प्रत्येक बहिणीचे ७. दोन एकर म्हणजे ८० गुंठे धरले, तर आईंना १०, आपल्याला ३५ आणि प्रत्येक बहिणीला साडेसतरा गुंठे येतात. दोन वर्षांच्या उसाच्या बिलातही खर्च वजा जाता याच प्रमाणात त्यांचा हिस्सा आहे. १९३७ च्या शरीअत कायद्याच्या कलम २ मधून शेतजमीन वगळलेली आहे हे खरे, आणि कोर्टात त्याचा काय अर्थ लागतो हा स्वतंत्र विषय आहे. आपण विचारले आहे ते दीनचे (धर्माचे).

बहिणीला साडेसतरा गुंठे हा आकडा माहीत नसताना ती नको म्हणते, तेव्हा बहुधा ती माहेर तुटू नये म्हणून बोलत असते. मी दुय्यम निबंधक कार्यालयात अशा कितीतरी सह्या होताना पाहिल्या आहेत आणि सही करताना बहीण भावाकडे पाहत नाही, हेही पाहिले आहे. तलाठ्याकडे चौघांचीही वारस नोंद करून घ्या, फेरफार मंजूर होऊ द्या, उसाचा हिशेब त्यांच्या हातात द्या आणि वर्षभर कोणताही विषय काढू नका. त्यानंतर एखादीला मनापासून द्यावेसे वाटले तर कागद तेव्हाही करता येतो.

वाटे पाडण्याआधी आईंचा मेहर (निकाहात पतीने पत्नीला द्यायची ठरलेली रक्कम) दिला गेला होता का ते पाहा. दिला नसेल तर ते वडिलांवरचे कर्ज आहे आणि वाटणीपूर्वी फेडायचे आहे. रक्कम निकाहनाम्यात असेल. मयतीच्या वेळी चार बायका जमून मेहर माफ केला असे वदवून घेण्याची रीत आपल्याकडे आहे, तेव्हा माफ केला आहे असे कोणी सांगितले तर ते धरून चालू नका. आईंना एकटीला, शांतपणे विचारा.