‘पाश्शे’ म्हटलं म्हणून उच्चार अशुद्ध?

कृष्णाकाठ
सांगलीत शाळकरी मुलांच्या एका वक्तृत्व स्पर्धेत माझ्या भाचीचे उच्चाराचे गुण कापले. शेरा असा, की ‘पाचशे’ला ‘पाश्शे’ आणि ‘एकदा’ला ‘एग्दा’ म्हणते. मला हे सपशेल चूक वाटतं. ओघात सगळेच असं बोलतात, परीक्षकसुद्धा. ‘एकदा’ म्हणताना पुढच्या ‘द’साठी कंठ आधीच कंप पावू लागतो, म्हणून अघोष ‘क्’चा ‘ग्’ होतो. ‘वाट बघ’चं ‘वाड्बघ’, ‘हात धर’चं ‘हाद्धर’ होतं तेही याच कारणानं. वहीत ‘वाक् + ईश = वागीश’ लिहिलं की संधीचे गुण मिळतात. तोंडानं तेच केलं की कापायचे?

नाट्यवेडा
तळमळ समजते, पण पटलं नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं ते याच गावात. इथं तरी शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचलाच पाहिजे. आमच्या तालमीत शेवटचं व्यंजन गिळलं की अख्खं वाक्य पुन्हा म्हणायला लावतात. ‘वागीश’ संस्कृतातून तयार आला, लिहितोही तसाच. ‘पाश्शे’ कोण लिहितं? आज हे चालवलं तर उद्या ‘काय करालाईस’ही चालवावं लागेल.

अजिंक्यतारा
साताऱ्याहून लिहितोय. इथं दोन गोष्टींची गल्लत होतेय. ‘करालाईस’ हे सांगली-कोल्हापूरकडचं रूढ रूप आहे. ‘करायला लागला आहेस’ झिजत झिजत तिथवर आलं खरं, पण आता कितीही सावकाश बोला, ते तसंच राहतं. ‘एग्दा’चं तसं नाही. ‘एक’ म्हणून थांबा, मग ‘दा’ म्हणा, ‘क’ जागेवर येतो. म्हणजे पहिली झाली बोली, दुसरं नुसतं ओघाचं काम. ‘पाश्शे’ अधलंमधलं आहे, काहींच्या तोंडी ते सावकाश बोलतानाही टिकतं. बोलीचेही गुण कापू नयेत असं माझं ठाम मत आहे, पण तो वाद वेगळा.

नाट्यवेडा
मग सावकाश बोलायचं, एवढंच तर म्हणतोय. व्यासपीठ म्हणजे कट्टा नव्हे.

कृष्णाकाठ
सावकाश म्हणजे शब्द सुटे करून? तसं बोललं की भाषण घोकल्यासारखं वाटतं, आणि त्याचेही गुण जातात. थांबायचं ते अर्थ पुरा होईल तिथं, शब्दाच्या पोटात नाही. शिवाय ‘पाश्शे’त काही गिळलेलं नाही. ‘च’ची जागा जोडाक्षरातल्या ‘श्’नं भरून काढलीय. चारशे की पाचशे हेच कळलं नसतं, तर गुण कापायला माझी हरकत नव्हती. सभागृहात कुणाचाही तसा गोंधळ झाला नाही.

नाट्यवेडा
माइक होता म्हणून. माइकशिवाय म्हणायला लावा आणि तुम्ही स्वतः मागं जाऊन बसा. ‘च’चा आघात नसेल तर तिथं नुसतं ‘शे’ पोचतं.