कॉलेजचं नवीन कला केंद्र: ड्रॉइंगमध्ये विंगाच नाहीत! शनिवारी मीटिंग, मदत हवी आहे

अबोली
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. आमच्या कॉलेजच्या आवारात नवीन कला केंद्र होतंय, नाटक गाणं नाच सगळ्यासाठी. काल पहिल्यांदा ड्रॉइंग हातात आलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. स्टेजला विंगाच (कडेला प्रेक्षकांना न दिसणारी जागा) नाहीत, दोन्ही बाजूंना सरळ भिंत. आर्किटेक्टना विचारलं तर म्हणाले, मॅडम साइडला पडदे सोडू ना. पडदा सोडला तरी त्याच्या मागे मुलं उभी कुठे राहणार? शनिवारी बिल्डिंग कमिटीत मला पाच मिनिटं देणार आहेत. मी मराठी शिकवते, पंधरा वर्षं एकांकिका बसवतेय, पण बांधकामातलं काही कळत नाही. आत्ता झालं नाही तर पुढे कधीच होणार नाही अशा कुठल्या गोष्टी मागू? लवकर सांगा प्लीज.

नेपथ्यवाला
सीट किती? स्टेज किती बाय किती? ओपनिंग, म्हणजे समोरून दिसणारी स्टेजची रुंदी? उंची? काम कुठवर आलंय? यातलं काहीच लिहिलं नाहीत, काय सांगणार.

पेठेतला
अकॉस्टिक्सचा, म्हणजे हॉलमधल्या आवाजाचा माणूस पहिल्या दिवसापासून घ्या, बाकी सगळं नंतर. मुंबईत एनसीपीए या कला केंद्राच्या टाटा थिएटरला, जे 1980 ला सुरू झालं, सिरिल हॅरिससारखा ध्वनितज्ज्ञ होता म्हणून तिथे आजही सतारीचा बारीक स्वर शेवटच्या रांगेत पोचतो. आपल्याकडे आधी हॉल बांधतात, मग आवाज घुमला की भिंतीला फोम चिकटवतात.

नेपथ्यवाला
@पेठेतला ताईंना शनिवारी पाच मिनिटं आहेत, टाटा थिएटर बांधायचं नाहीये त्यांना. आधी मापं येऊ देत.

अबोली
सॉरी, मापं अशी. सीट 450. प्रेक्षागृह 80 बाय 60 फूट, उंची 24. स्टेज 40 फूट रुंद, 18 खोल, जमिनीपासून 5 फूट उंच. फ्लोअर सपाट ठेवलाय कारण परीक्षाही तिथेच घ्यायच्या म्हणे. ग्रीन रूम एकच आहे आणि टॉयलेटला जायचं तर मेकअप केलेल्या मुलींनी प्रेक्षकांमधून जायचं.

नेपथ्यवाला
आता बोलू. एक, 18 फूट खोली कमी आहे. मागे सायकचा (स्टेजच्या शेवटचा मोठा, आकाशासारखा) पडदा आणि त्याच्या मागून इकडची मुलं तिकडे जायला चार फूट सोडले की हातात 14 उरतात, त्यात दिवाणखान्याचा सेट लावा आणि सहा माणसं उभी करा, एकमेकांच्या पायात येतील. 25 तरी मागा. दोन, विंग म्हणजे पडदा नाही, विंग म्हणजे जागा. प्रत्येक बाजूला दहा-बारा फूट हवी, पुढच्या प्रवेशाच्या लेव्हल्स (लाकडी चौथरे), फ्लॅट (सेटच्या खोट्या भिंती), प्रॉपर्टीचं टेबल, सगळं तिथेच असतं. तीन, सेटचा टेम्पो मागे कुठे लागतो ते बघा. स्टेजच्या लेव्हलला, आठ फूट रुंद दहा फूट उंच दरवाजा पाहिजे. मी आयुष्यभर जिन्यावरून फ्लॅट चढवलेत, खांदे गेले. चार, 5 फूट उंच स्टेज म्हणजे पहिल्या तीन रांगांना नटांचे पाय दिसतच नाहीत. साडेतीन करा.

सरळरेषा
चौथ्या मुद्द्याशी असहमत. फ्लोअर सपाट आहे, त्यात स्टेज साडेतीनवर आणलं तर दहाव्या रांगेपासून मागे फक्त पुढच्याचं डोकं दिसेल. आधी मागच्या रांगा पायऱ्यांवर चढवा, मगच स्टेज खाली आणा. दोन्ही एकत्र मागा, नाहीतर एकही मागू नका.

नेपथ्यवाला
@सरळरेषा बरोबर आहे तुमचं. लिहायचं राहिलं.

फिजिक्सवाले_सर
आवाजाचा विषय निघालाय तर एक खरी गोष्ट सांगतो, आणि तीही कॉलेजचीच. 1895 साली हार्वर्डच्या फॉग म्युझियममधलं लेक्चर हॉल इतकं घुमायचं की शिकवलेलं कळायचंच नाही, एक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण भौतिकशास्त्राच्या शिक्षकावर ते काम टाकलं. त्याने काय केलं, तर रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणायच्या, हॉलमध्ये पसरायच्या, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत. त्यातूनच सूत्र निघालं: घुमण्याचा काळ म्हणजे 0.161 गुणिले हॉलचं घनफळ, भागिले आवाज शोषणारं एकूण क्षेत्र. तुमच्या मापांनी घनफळ साधारण 3,260 घनमीटर, म्हणजे दर खुर्चीमागे सात घनमीटरच्या वर. नाटकाला चार ते सहा पुरतात. नुसतं प्लास्टर आणि लादी धरली तर रिकाम्या हॉलमध्ये हा काळ सहा सेकंदांच्या पुढे जातो, नाटकाला तो एकच्या आसपास हवा. गादीच्या खुर्च्या घ्या, मागची भिंत शोषणारी करा, सीलिंग थोडं खाली आणा. आणि पातळ फोमवर पैसे घालवू नका, तो फक्त वरचे स्वर खातो, खालची गुणगुण तशीच राहते.

पेठेतला
मी तेच म्हणत होतो.

मालवणी_मुलगो
मला एक कळत नाही, एवढा खर्च कशाला? आमच्याकडे दशावतारी मंडळी देवळासमोर एक बाकडं टाकून रात्रभर नाटक करतात, पेटी मृदंग झांज, बस. तेच बाकडं सिंहासन, तोच डोंगर. मुलांना उघड्यावर खेळायला शिकवा, साधा खुला रंगमंच बांधा, पैसे वाचतील.

नेपथ्यवाला
दशावताराबद्दल आदर आहे, पण ती मंडळी पावसाळा सरल्यावर बाहेर पडतात हेही सांगा. कॉलेजच्या एकांकिका स्पर्धा ऑगस्टपासूनच सुरू होतात. पुरुषोत्तम करंडकला जाणारी पोरं जुलैत तालीम करतात, ती खुल्या मंचावर कशी करणार?

मालवणी_मुलगो
आमच्या पोरांनी पडवीत केल्यात तालमी. बक्षिसंही आणलीत.

फिरोदिया_फॅन
आम्ही फिरोदिया करंडक स्पर्धेच्या वेळी पार्किंगमध्ये तालीम करायचो, रात्री अकराला वॉचमन लाइट घालवायचा मग मोबाईलच्या उजेडात. अजून अंगावर काटा येतो. ताई, काहीही करा पण तालमीची एक वेगळी खोली मागा, स्टेजएवढ्याच मापाची. स्टेज कायम कुठल्या ना कुठल्या सेमिनारला दिलेलं असतं.

सरळरेषा
पावसाचं निघालं म्हणून विचारतो, छप्पर कसलं आहे? आणि गाव कुठलं?

अबोली
रत्नागिरी जिल्हा. छप्पर लोखंडी ट्रसवर (छत पेलणाऱ्या सांगाड्यावर) पत्रा, खाली पीओपीचं सीलिंग. का?

सरळरेषा
अहो ताई, हे पहिल्या ओळीत लिहायचं! वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तुमच्याकडे. पत्र्यावर सर आली की माइक लावूनही संवाद ऐकू येणार नाही. पीओपीने काही अडत नाही, आवाज अडवायला वजन लागतं.

फिजिक्सवाले_सर
सहमत. आत कितीही गाद्या लावा, त्या घुमणं कमी करतात, बाहेरून येणारा पाऊस थांबवत नाहीत. या दोन गोष्टींची कायम गल्लत होते.

सरळरेषा
ट्रसवर डेक शीट (काँक्रीट पेलणारा जाड पत्रा) आणि त्यावर काँक्रीट, हा पहिला पर्याय. नाहीच परवडलं तर पत्र्याखाली रॉकवूल (दगडी तंतूंचा लोकरीसारखा थर) आणि त्याखाली जिप्सम बोर्डचे दोन थर, पत्र्याला थेट न चिकटवता वेगळे टांगून. दुसरा पर्याय पहिल्याएवढा चांगला नाही. आणि वजन वाढणार म्हणून स्ट्रक्चरल इंजिनियरला आत्ताच सांगावं लागेल.

कोल्हापूरकर
फायरचं कुणीच बोललं नाही. 1915 मध्ये शाहू महाराजांनी बांधलेलं आमचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये एका रात्रीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी त्या स्टेजवर लहानपणी पहिलं नाटक पाहिलंय, सकाळी तिथे उभं राहवत नव्हतं. पडदे आग-प्रतिबंधक कापडाचे घ्या, स्टेजवरून थेट बाहेर पडायला वेगळा दरवाजा ठेवा, सगळी दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी. आणि प्रयोग चालू असताना एकाही दाराला कुलूप नको. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहाच्या आगीत 1997 ला 59 माणसं गेली.

चिपळूणची_लेक
वायरिंगचं पण बघा, डिमर (लाइट कमी-जास्त करायचं यंत्र) आणि मेन पॅनल स्टेजखाली ठेवू नका. जुलै 2021 चा पूर आम्ही पाहिलाय, तळमजल्यावरचं काही उरलं नाही. साउंडला आणि लाइटला वेगळी फेज द्या म्हणावं, नाहीतर स्पीकरमधून गुणगुण येत राहते.

हौशी_कलाकार
नाटकाचं स्क्रिप्ट पास करून घ्यायला परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांचं सेन्सॉर) किती दिवस आधी पाठवावं लागतं? आमचा प्रयोग पुढच्या महिन्यात आहे.

नेपथ्यवाला
@हौशी_कलाकार वेगळा धागा काढा. ताई, काम कुठवर आलंय ते अजून सांगितलं नाहीत.

अबोली
प्लिंथ, म्हणजे जोत्यापर्यंतचं काम, झालीय. दिवाळीच्या आधीच झाली. मला वाटलं ते सगळ्यांना कळलं असेल.

नेपथ्यवाला
नाही कळलं! म्हणजे बाहेरची मापं आता हलणार नाहीत. मग मला सांगा, इमारत 60 रुंद, स्टेज 40. दोन्ही बाजूंचे दहा-दहा फूट गेले कुठे?

अबोली
एका बाजूला स्टोअर. दुसऱ्या बाजूला व्हीआयपी रूम, सोफा आणि अटॅच्ड टॉयलेटसकट.

नेपथ्यवाला
ताई, त्याच तुमच्या विंगा! ट्रस बाहेरच्या कॉलमवर बसतोय, म्हणजे मधल्या त्या दोन भिंती बहुतेक नुसत्या पार्टिशनच्या असणार, स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर खात्री करून घ्या. त्या बांधूच नका म्हणावं. सोफ्याची खोली पुढे लॉबीत न्या, तिथलं टॉयलेट मुलींना राहू दे. प्रमुख पाहुणे वर्षातून दोनदा येतात, मुलं रोज. आणि खोलीसाठी स्टेज सात फूट पुढे आणा, दोन रांगा जातील, जाऊ देत.

एक_पालक
स्टेजवर रॅम्प आहे का? प्रेक्षकांसाठी करतात, पण माझी मुलगी व्हीलचेअरवर आहे आणि तिला नाटकात काम करायचंय. उंची साडेतीन फूट धरली तर एकास बाराने (एक फूट चढायला बारा फूट) 42 फूट लांबी लागते, म्हणून आत्ताच जागा धरा. नंतर जोडायला गेलात की लोखंडी फळी टाकतात आणि चौघांनी उचलून न्यावं लागतं. तिला ते आवडत नाही.

अबोली
तुमचा मुद्दा सगळ्यात वर लिहिलाय.

अबोली (रविवार)
मीटिंग झाली, पाच मिनिटांची पाऊण तास चालली. दोन्ही पार्टिशन रद्द! आर्किटेक्टनी स्वतः पेन्सिलने रेघ मारली. रॅम्प मागच्या बाजूने वळणाचा, टेम्पोच्या दरवाजाला जोडून. स्टेज 25 खोल, पण त्यात पन्नासेक सीट जातायत म्हणून प्राचार्य नाराज आहेत, तरी हो म्हणाले. शेवटच्या आठ रांगा पायऱ्यांवर, परीक्षा पुढच्या सपाट भागात. छताचं अडलंय, काँक्रीटचा खर्च काढून मग बघू म्हणाले. ते मी सोडणार नाहीये, जुलैतल्या सरीचा आवाज त्यांना रेकॉर्डिंग लावून ऐकवणार आहे. तालमीची खोली मात्र नाही मिळाली. आता एक विचारते, समोरून मारायच्या लाइटचा पाइप प्रेक्षागृहाच्या छतात लागतो ना, तो ड्रॉइंगमध्ये कुठेच नाही. तो नंतर लावता येतो ना?

नेपथ्यवाला
पाइप नंतर लावता येतो, पण त्याचं वजन ट्रसच्या हिशोबात आधी धरावं लागतं. नटाच्या चेहऱ्यावर साधारण 45 अंशात उजेड पडेल अशा अंतरावर एक पाइप, त्याच्या मागे दुसरा, आणि माणसाला वर चढून लाइट फिरवता यावा म्हणून कॅटवॉक, म्हणजे छताजवळची अरुंद वाट. स्टेजवर लाइट टांगायला आणखी चार बार (पाइप). हे सगळं टांगणार कशाला, तर त्याच ट्रसला. वर्कशॉपमध्ये ट्रसचं कटिंग सुरू झालंय का? उद्या सकाळी पहिला फोन तिथे करा.