आर-टाइप फायनल २: फोर्स पुढे लावू की मागे?

गेल्या तीन रात्री या अंतराळयानाच्या व्हिडिओ गेमच्याच मागे आहे. फोर्स म्हणजे यातल्या जहाजाच्या पुढे किंवा मागे चिकटवता येणारा, सुटाही सोडता येणारा गोळा. १९८७ चा मूळ आर-टाइप मोबाईलवर पूर्ण केलाय, म्हणून वाटलं जमेल. पण मागून शत्रू आले की हात गोंधळतात. आणि मेलं की चेकपॉइंटवर साधं, बिनफोर्सचं जहाज मिळतं. तिथून सावरता कसं?

उत्तर १: ताई, फोर्स सतत चिकटवून ठेवू नका. तो फुटत नाही, साध्या गोळ्या अडवतो. बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूच्या अंगात घुसवून ठेवा, तो आत मारत राहतो, तुम्ही लांब थांबा. मागून गर्दी येणार हे माहीत असेल तर आधीच शेपटीला लावा. पाठांतराचाच खेळ आहे हा.

उत्तर २: फोर्स नसेल तेव्हा वेव्ह कॅनन, म्हणजे जहाजाचा भरून सोडायचा मोठा मारा. बटण दाबून धरा, भरला की सोडा. २००३ च्या आर-टाइप फायनलनंतर मी हा भाग किती वर्षं मागत होतो! मूळ गेम बनवणाऱ्या इरेम कंपनीतल्याच जुन्या मंडळींनी ग्रॅन्झेला ही कंपनी काढून २०२१ मध्ये आणला, याचं मला फार अप्रूप आहे.

पुन्हा मी: जमलं! फोर्स बॉसच्या तोंडात सोडला आणि खालच्या कोपऱ्यात थांबले. रात्रीचा दीड वाजलाय, हात अजून थरथरतायत. दोघांचे खूप आभार.