मदत हवी आहे: सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडते की जास्त होते? बाबांच्या औषधाचा निर्णय अडलाय

रानजाई

नमस्कार मंडळी. बाबांना (वय ६१, मुक्काम सातारा) बऱ्याच वर्षांपासून सोरायसिस आहे. कोपर, नडग्या आणि डोकं एवढ्यावरच होता, मलमावर भागत होतं. या थंडीत पाठ आणि पोटही धरलं. सकाळी चादर झटकली की खपल्यांचा सडा पडतो. एखादी खपली ओढली गेली की खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात. त्वचारोगतज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट सुरू करायला सांगितलंय, त्याने भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शन (प्रतिकारयंत्रणेतला एखादाच रेणू अडवणारं औषध).

यावरून घरात दोन तट पडलेत. मोठे काका म्हणतात, "अंगात प्रतिकारशक्ती नाही म्हणून हे होतंय, आणि डॉक्टर उरलीसुरली मारायचं औषध देतोय." त्यांनी गुळवेलीचा काढा सुरू करून दिलाय. बाबा भावाचा शब्द खाली पडू देत नाहीत, त्यामुळे मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी तशीच पडून आहे.

मी वाचलं त्यात आयएल-१७, आयएल-२३, टीएनएफ ही पेशींमधल्या निरोप्या प्रथिनांची नावं सारखी येतात. पण ही साखळी सुरू कुठे होते आणि तिचा खपलीशी काय संबंध, हे मला बाबांना सांगता येत नाही. शिवाय कुंपण घालताना त्यांना तारेचा ओरखडा उठला होता, तर काही आठवड्यांनी बरोबर त्याच रेघेवर चट्टा आला. आणि मलमाने गेलेला चट्टा परत त्याच जागी का उगवतो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. हा आजार संसर्गजन्य नाही हे आम्हाला ठाऊक आहे.

सूक्ष्मदर्शी

रानजाई, माझं काम याच पेशींवर चालतं, म्हणून जरा लांबण लावतो.

१९७०च्या दशकापर्यंत हा फक्त कातडीच्या पेशी भराभर वाढण्याचा आजार मानला जाई. १९७९ मध्ये सांध्यांसाठी सायक्लोस्पोरिन दिलेल्या रुग्णांचे चट्टेही ओसरल्याचं नोंदवलं गेलं. हे औषध टी-पेशींना, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींना, आवरतं. तिथून सगळ्यांचं लक्ष प्रतिकारयंत्रणेकडे वळलं. पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर काहींचा सोरायसिस गेल्याच्या, तर काहींना दात्याकडून आल्याच्याही नोंदी झाल्या. म्हणजे काकांचं म्हणणं उलटं आहे. बाबांच्या प्रतिकारयंत्रणेची एक शाखा गरज नसताना सतत जागी आहे.

आता तो ओरखडा. कातडी दुखावली की तिथल्या केरॅटिनोसाइट पेशी (कातडीचा वरचा थर बनवणाऱ्या) एलएल-३७ नावाचं जंतुनाशक प्रथिन सोडतात. ते फुटलेल्या पेशींतल्या आपल्याच डीएनएला चिकटतं. एरवी स्वतःच्या डीएनएकडे यंत्रणा काणाडोळा करते, पण या जोडगोळीला प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशी (प्रतिकारयंत्रणेच्या पहारेकरी पेशी) विषाणू समजतात आणि इंटरफेरॉन-अल्फा हा धोक्याचा निरोप सोडतात. त्याने दुसऱ्या डेंड्रिटिक पेशी पेटतात आणि त्यांच्यातून टीएनएफ व आयएल-२३ बाहेर पडतं. जखमेच्या रेघेवर चट्टा येणं याला केबनर परिणाम म्हणतात. तो सगळ्यांना होत नाही. मुळात कल असावा लागतो. एचएलए-सी*०६:०२ हा जनुकप्रकार त्यातला सर्वांत ठळक, पण तो असूनही आजार कधीच न होणारे पुष्कळ असतात.

आयएल-२३ मुळे टीएच-१७ जातीच्या टी-पेशी टिकतात आणि जोर धरतात. त्या आयएल-१७ व आयएल-२२ सोडतात, आणि इथे खपलीचा उगम आहे. आयएल-२२ चा निरोप केरॅटिनोसाइटच्या आत जॅक-१ व टिक-२ या एन्झाइमांमार्फत जनुकं चालू करणाऱ्या स्टॅट-३ या प्रथिनापर्यंत जातो, आणि पेशीला वाढीचा हुकूम मिळतो, पक्व व्हायचा नाही. एरवी तळापासून वर यायला साधारण महिना घेणारी पेशी चार-पाच दिवसांत पृष्ठभागावर येते. पोळी कच्ची असतानाच तव्यावरून उतरवावी तशी. तिच्यातलं केंद्रकसुद्धा गेलेलं नसतं, म्हणून थर नीट सुटत नाही आणि चंदेरी पापुद्रे साचतात. त्याच वेळी खालच्या रक्तवाहिन्या फुगून वर सरकलेल्या असतात आणि त्यांच्यावरचा थर पातळ झालेला असतो. तुम्ही पाहिलेले ठिपके त्यांचेच.

आयएल-१७ चं काम याहून चिवट. त्याच्या सांगण्यावरून केरॅटिनोसाइट सीसीएल-२० आणि आयएल-८ सारखे रेणू सोडतात. एकाने आणखी टीएच-१७ पेशी ओढल्या जातात, दुसऱ्याने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी. वर एलएल-३७ सुद्धा जास्त बनतं. म्हणजे कातडी मार खाता खाता मारणाऱ्यांनाच बोलावत राहते, आणि पहिला ओरखडा भरून आला तरी चक्र चालू राहतं.

जागा तीच का? चट्टा गेला तरी काही स्मृती टी-पेशी (आधीचा हल्ला लक्षात ठेवणाऱ्या) रक्तात न परतता तिथेच मुक्काम ठोकतात. वरून कातडी स्वच्छ दिसते, पण थंडी, ताण, घशाचा संसर्ग असं काही निमित्त झालं की त्या पुन्हा आयएल-१७ सोडू लागतात. संशोधनातला सर्वांत अवघड प्रश्न मला हाच वाटतो.

पाऊसवेडा

ताई, मी स्वतः सेक्युकिनुमॅब या बायोलॉजिकवर आहे. हे औषध थेट आयएल-१७ए ला पकडतं. फरक लवकर दिसला, मुख्य म्हणजे झोप लागायला लागली. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी केली, त्यात सुप्त टीबी निघाला, म्हणून आधी त्याची गोळी घ्यावी लागली. तेव्हा चिडचिड झाली, पण आता वाटतं तेच बरोबर होतं. खर्च मोठा आहे, विम्यात बसतं का ते आधीच लेखी विचारून घ्या.

त्वचावैद्य

सूक्ष्मदर्शींनी छान मांडलंय. उपचाराचं मी लिहिते.

मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणं आहेत. वार ठरवा, तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या दिवशी. सुरुवातीला आणि नंतरही ठरावीक काळाने रक्त, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, मद्य बंद. या मात्रेत मेथोट्रेक्सेट केमोथेरपीसारखं काम करत नाही, दाह उतरवतं.

काढ्याबद्दल स्पष्ट बोलते. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण मेथोट्रेक्सेटही यकृतावरच ताण देतं, तेव्हा दोन्ही एकत्र नकोच. आणि जी यंत्रणा आधीच उसळलेली आहे तिला आणखी चेतवायचं कशाला? कुणी "एका इंजेक्शनात साफ" म्हणून स्टेरॉइड टोचत असेल तर तिथूनही लांब राहा. त्याचा असर ओसरला की आजार दुप्पट उसळू शकतो, कधी पू भरलेल्या पुळ्यांसह.

बायोलॉजिकची वेळ आलीच तर: टीएनएफ शरीरात दबलेल्या टीबीला कोंडून ठेवायला मदत करतं, म्हणून ते अडवणाऱ्या औषधांत आपल्याकडे टीबीचा धोका सर्वांत जास्त बघावा लागतो. आयएल-१७ अडवणारी लवकर गुण देतात, पण तोंडात किंवा जांघेत बुरशी होऊ शकते, आणि क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचा आजार असेल तर टाळतात. आयएल-२३ अडवणारी साखळीत एक पायरी वर थांबवतात. त्यातलं ग्युसेलकुमॅब सुरुवातीच्या मात्रांनंतर दर आठ आठवड्यांनी, रिसँकिझुमॅब दर बारा आठवड्यांनी. टिक-२ वर काम करणारी ड्यूक्राव्हासिटिनिब ही गोळी २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

बाबांचे सांधे कसे आहेत, ते मात्र तुम्ही लिहिलं नाही.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. सूक्ष्मदर्शींचा प्रतिसाद काल रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ओरखड्याचं ऐकून त्यांनी स्वतःच काकांना फोन लावला आणि काढा थांबवतो म्हणून सांगितलं. काका नाराज आहेत, पण "तपासण्यांना मी सोबत येतो" म्हणाले.

सांध्यांचं विचारलंत म्हणून नीट बघितलं. उजव्या हाताचं मधलं बोट पूर्ण सुजलंय, सकाळी मूठ वळायला अर्धा-पाऊण तास जातो. नखांवर बारीक खड्डे आहेत. आम्ही हे वयाचं समजत होतो.

त्वचावैद्य

अख्खं बोट सुजणं, सकाळचा ताठरपणा आणि नखांवरचे खड्डे, ही तिन्ही लक्षणं सोरायटिक संधिवाताकडे बोट दाखवतात. हाडाची झीज झाली की ती भरून येत नाही, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना हे लगेच कळवा आणि संधिवाततज्ज्ञांची भेट याच महिन्यात घ्या. हातांचे एक्स-रे लागतील. औषधाची निवडही यावरून बदलू शकते: मणक्यातही दुखत असेल तर टीएनएफ किंवा आयएल-१७ अडवणाऱ्या औषधांकडे कल असतो, कारण मणक्याच्या संधिवातात आयएल-२३ अडवून तसा गुण मिळालेला नाही. पहाटे कंबर दुखून जाग येते का आणि उठून चाललं की बरं वाटतं का, एवढं बाबांना विचारून ठेवा.