बोर्डिंग ग्राउंड फक्त खेळासाठीच ठेवायचं का?

भरडावरचा
मालवणात वाढलेल्या प्रत्येकाचं टोपीवाला बोर्डिंगच्या मैदानाशी नातं आहे. अनंत शिवाजी देसाई टोपीवाले यांच्या नावाच्या शाळेतली पोरं आणि आम्ही वाडीतली पोरं, सगळे तिथेच धडपडलो. शाळेत असताना खो-खो खेळताना माझा पाय मांडवाच्या बुजवलेल्या खड्ड्यात गेला. वर माती लोटलेली, खाली पोकळ. महिनाभर लंगडत होतो. खो-खोला 27 बाय 16 मीटर सपाट जागा लागते, आणि पाठलाग करणारा खांबाला वळतो तेव्हा सगळा भार एका पायावर असतो. म्हणून माझं मत ठाम आहे: सभा, प्रदर्शनं, मांडव इथे नकोतच.

दांडीवरची
दादा, तुमचा पाय मुरगळला याचं वाईट वाटतं. पण सभा कुठे घ्यायची? बाजारपेठेत दोन गाड्या समोरासमोर आल्या की कोंडी होते. आम्ही रापणीवाले, किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारे. 2016 साली राज्यात पर्ससीनवर, म्हणजे यांत्रिक बोटींच्या मोठ्या घेरजाळ्यांवर, निर्बंधांचा आदेश निघाला, तो काय घरात बसून मिळाला? माणसं जमली, बोलली, अडून राहिली. गावातली मोकळी जागा एकेक करून अशी बंद केली तर गरिबानं जमायचं कुठे?

धुरीवाड्यातली आजी
सगळा खापर मांडवारच कित्याक? मे म्हयन्यात चाकरमानी इले काय टेनिस बॉलची स्पर्धा. दिसाचे दिस मैदान क्रिकेटवाल्यांच्या ताब्यात. माझी नात कबड्डी खेळता. कबड्डीक 13 बाय 10 मीटर जागा पुरे, ती पण गावणा नाय. बॉल लागात म्हणान पोरींका भायर काढल्यानी. खेळासाठी मैदान म्हणतास, तर कोणाच्या खेळासाठी ता आधी सांगा.

भरडावरचा
आजी, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी स्वतः मे महिन्यात येऊन त्या स्पर्धा बघत बसतो. एका कडेला कबड्डीचं मैदान कायमचं आखून ठेवावं, स्पर्धा असो नसो, तिथे कुणी पाय ठेवायचा नाही. दांडीवरच्या ताई, तुमच्या सभेला माझी हरकत नाही. माणसं जमिनीवर बसली तर खड्डे पडत नाहीत. पण विक्रीची प्रदर्शनं नकोत, यावर मी ठाम आहे.

दांडीवरची
प्रदर्शनाचं मान्य. पण सभेला मांडव लागतोच, उन्हात म्हाताऱ्या बायका किती वेळ बसतील? मांडव उतरला की खड्डा माती ठोकून घट्ट करायचा, हे घालणाऱ्याकडून लिहून घ्या.

धुरीवाड्यातली आजी
आणि पोरींची जागा उद्याच आखा. नात इचारता हा.