वडिलांचे हात-पाय उशिरा ऐकतात, मदत हवी आहे

अबोली:
वडिलांच्या हातात जोर आहे, नारळ अजूनही तेच सोलतात. परंतु सदऱ्याची बटणे लावायला त्यांना दहा मिनिटे लागतात आणि खुर्चीतून उठल्यावर पहिले पाऊल लवकर पडत नाही. डॉक्टरांनी ‘वयोमानानुसार चालायचेच’ एवढे म्हणून बोळवण केली. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत उशिरा पोहोचतो का? उपाय कृपया लवकर सांगावा.

पाणथळ:
वय किती, मधुमेह आहे का, औषधे कोणती चालू आहेत?

अबोली:
वय ७६. मधुमेहासाठी १२ वर्षे मेटफॉर्मिन घेतात, पण त्याचा बटणांशी काय संबंध?

पाणथळ:
संबंध असू शकतो. ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांचे बी-१२ जीवनसत्त्व उतरू शकते आणि त्याच्या अभावी चेतातंतूंना इजा होते. रक्त तपासून घ्यावे.

जुनी तालीम:
मज्जारज्जूतील एकेक चेतापेशी स्नायुतंतूंचा एक गट चालवते. साठीनंतर या पेशी घटू लागतात आणि पोरक्या झालेल्या तंतूंपैकी काहींना शेजारची पेशी आपल्या गटात घेते. त्यामुळे जोर बराचसा टिकतो, पण नाजूक कामातली सफाई जाते. उपाय वजनाच्या व्यायामाचा. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या मोजक्या वृद्धांनी आठ आठवडे असा व्यायाम केला, तेव्हा मांडीची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली.

सोनचाफा:
या वयात वजने कसली उचलायला लावता? आईचे गुडघे कोमट तिळाच्या तेलाने महिनाभरात मोकळे झाले.

जुनी तालीम:
तेल कातडीला लागते, मज्जारज्जूला नव्हे.

अबोली:
गुडघे दुखतच नाहीत हो!

उंबरठा:
व्यायाम चांगलाच, पण पहिले पाऊल अडणे मला नुसत्या वयाचे वाटत नाही. माझ्या काकांना कंपवात झाला, तेव्हा नावाप्रमाणे हात कापतील म्हणून आम्ही वाट पाहत बसलो आणि वर्ष गेले. कंप नसतानाही तो असू शकतो. त्यात निरोप वाटेत रेंगाळत नाही, मेंदूत डोपामिन हे रसायन घटल्याने तो निघतानाच अडखळतो. चालताना त्यांचा एखादा हात कमी झुलतो का? अक्षर बारीक झाले आहे का?

अबोली:
उजवा हात जरा अंगाशीच असतो. अक्षराचे ठाऊक नाही. दिवाळीत सही जुळत नाही म्हणून बँकेने धनादेश परत केला होता, तो सांगण्यासारखा वाटला नाही. आता तो जुन्या सहीशेजारी ठेवून पाहिला. नवी सही निम्मीही नाही. न्यूरोलॉजिस्टकडे उद्याच नंबर लावते.